मध्ययुगीन स्कॉटिश सुवर्णनाणी: नव्या संग्राहकाने सुरुवात कशी करावी

स्कॉटलंडमध्ये सोन्याचे पहिले नाणे चौदाव्या शतकाच्या मध्यात पडले. तेव्हापासून 1513 साली फ्लॉडनच्या लढाईत चौथा जेम्स मारला जाईपर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांत या देशाच्या टांकसाळीने मुख्य म्हणावेत असे सोन्याच्या नाण्यांचे मोजकेच प्रकार काढले. विषयाचा आवाका एवढा लहान असल्यामुळे तो नवख्या माणसालाही आटोक्यातला वाटतो, आणि अभ्यासापुरता तो तसा आहेही. एखादा चिकाटीचा वाचक वर्षभरात त्याची चौकट नीट समजून घेऊ शकतो. अडचण खरेदीची आहे. ही नाणी संख्येने थोडी आहेत, महाग आहेत, आणि त्यांतली बरीचशी कधी ना कधी कातरलेली (म्हणजे कडेचे सोने कापून घेतलेली), वाकलेली, दागिन्यात बसवलेली किंवा घासून चकचकीत केलेली आहेत. शिवाय महाग नाण्याच्या मागे बनावट नाणे येतेच. म्हणून या लेखात सांगितलेला क्रम पाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: आधी प्रकार ओळखायला शिकावे, मग अस्सल नाणी डोळ्यांनी पाहावीत, मग तराजू हातात घ्यावा, मग मालकीचे कागद तपासावेत आणि सर्वांत शेवटी पैसे बाहेर काढावेत. बहुतेक नवे संग्राहक नेमके उलट्या क्रमाने जातात.

पहिली पायरी: राजे आणि त्यांची नाणी ओळखणे

सुरुवात दुसऱ्या डेव्हिडपासून होते. हा राजा 1346 साली नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला आणि एक लाख मार्क खंडणीच्या कबुलीवर 1357 साली सुटला. त्या सुमारास त्याने इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या नोबल या नाण्याबरहुकूम स्वतःचे नोबल पाडले. त्यावर जहाजात उभा असलेला राजा असून त्याच्या ढालीवर स्कॉटलंडचा सिंह आहे. या नाण्याचे ज्ञात नमुने एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, तेव्हा ते संग्रहात येण्याचा विचार सोडून द्यावा; मात्र त्याची छायाचित्रे बारकाईने पाहावीत, कारण पुढच्या सगळ्या मालिकेचा उगम तिथे आहे. डेव्हिडनंतरच्या दुसऱ्या रॉबर्टने सोन्याचे नाणे काढलेच नाही. त्यामुळे कोणी दुसऱ्या रॉबर्टचे सुवर्णनाणे म्हणून काही दाखवू लागला, तर तेथेच थांबावे.

संग्राहकाच्या दृष्टीने खरी मालिका तिसऱ्या रॉबर्टच्या, म्हणजे 1390 ते 1406 या कारकिर्दीतल्या लायन या नाण्यापासून सुरू होते. एका बाजूला ढालीतला उभा सिंह आणि दुसऱ्या बाजूला तिरप्या क्रुसावर बांधलेला संत अँड्र्यू, ही त्याची ओळख आहे. त्याच्याबरोबर अर्ध्या किमतीचे डेमी-लायनही निघाले. त्यावर संताची आकृती नसून नुसता तिरपा क्रूस आहे. लायनची किंमत पाच शिलिंग होती. सुरुवातीच्या जड नाण्यांचे वजन सुमारे 3.9 ग्रॅम असे, तर कारकिर्दीच्या अखेरीस, साधारण 1403 नंतर, ते अडीच ग्रॅमच्या आसपास घसरले. राजा तोच, चित्र जवळजवळ तेच आणि वजनात मात्र दीड ग्रॅमचा फरक, अशी स्थिती असल्यामुळे तिसऱ्या रॉबर्टचे लायन विकत घेताना ते जड मालिकेतले की हलक्या, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. कातरून हलके झालेले जड नाणे आणि मुळातच हलक्या मालिकेतले नाणे यांच्या किमतीत आणि महत्त्वात मोठा फरक पडतो.

पहिला जेम्स 1406 सालीच इंग्रजांचा कैदी झाला आणि 1424 मध्ये मायदेशी परतला. त्यामुळे त्याच्या नावाची नाणी परतीनंतरचीच आहेत. त्याने डेमी हे नऊ शिलिंगांचे नाणे काढले. त्याचे वजन साधारण साडेतीन ग्रॅम आहे, पुढच्या बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत सिंह आहे आणि मागे छोटा तिरपा क्रूस व त्याच्या दोन्ही बाजूंना लिलीची फुले आहेत. दुसऱ्या जेम्सने आरंभी हीच डेमी चालू ठेवली आणि 1451 पासून पुन्हा लायन पाडायला घेतले. पहिल्या आणि दुसऱ्या जेम्सची डेमी वेगळी ओळखणे हे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. फरक अक्षरांच्या वळणात, शब्दांमधल्या विरामचिन्हांत आणि मजकुराच्या आरंभीच्या क्रुसाच्या आकारात असतो, आणि तो समजायला बरीच नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात.

तिसऱ्या जेम्सच्या, म्हणजे 1460 ते 1488 या काळात या मालिकेचा चेहरामोहरा बदलला. 1475 पासून रायडर हे 23 शिलिंगांचे नाणे आले. त्यावर चिलखत घालून, तलवार उगारून भरधाव घोड्यावर निघालेला राजा आहे, आणि वजन पाच ग्रॅमच्या थोडे वर आहे. त्याचे अर्धे आणि पाव भागही पाडले गेले. पुढे 1484 च्या सुमारास युनिकॉर्न आले, जे तिसऱ्या जेम्सनंतर चौथ्या जेम्सने आणि पाचव्या जेम्सनेही आरंभीची काही वर्षे चालू ठेवले. अठरा शिलिंगांचे, सुमारे 3.8 ग्रॅम वजनाचे आणि साधारण 21 कॅरेट कसाचे हे नाणे आज बाजारात त्यातल्या त्यात अधिक वेळा दिसते. ज्याला या क्षेत्रातले एकच नाणे घ्यायचे आहे, त्याने ते युनिकॉर्न घ्यावे असे मी सुचवीन, कारण स्कॉटलंडच्या टांकसाळीची स्वतःची म्हणता येईल अशी कल्पना त्यात सर्वांत ठसठशीत उतरली आहे.

ते नाणे जवळून कसे दिसते, हे थोडे सविस्तर सांगतो. एकशिंगी घोडा मागचे पाय दुमडून बसला आहे, त्याच्या गळ्यात मुकुट आहे आणि पुढच्या खुरांनी त्याने सिंहाची ढाल सावरून धरली आहे. मागच्या बाजूला फुलोऱ्याच्या टोकांचा क्रूस आहे आणि त्यावर नागमोडी किरणांचा मोठा तारा. भोवतीच्या लॅटिन मजकुरात ‘एक्सुर्गात देउस’ हे शब्द येतात. ते बायबलमधल्या 68व्या स्तोत्राचे आरंभीचे वचन आहे आणि त्यात देव उठो व त्याचे शत्रू विखुरले जावोत, अशी प्रार्थना आहे. भिंगाखाली पाहिले की अक्षरे एकसंध कोरलेली नसून लहान लहान ठशांनी जोडून उमटवलेली आहेत, हे लक्षात येते: एक उभा दांडा, एक अर्धवर्तुळ, एक टोकदार पाचर. एखाद्या ठशाचा कोपरा तुटला असेल, तर तोच तुटका कोपरा त्या काळातल्या इतर नाण्यांवरही सापडतो, आणि अभ्यासक त्यावरूनच नाण्यांचा कालक्रम लावतात. आरंभीच्या नाण्यांवर गॉथिक वळणाची गोलसर अक्षरे आहेत, तर चौथ्या जेम्सच्या नंतरच्या युनिकॉर्नवर रोमन वळणाची सरळ अक्षरे येतात.

या काळातल्या बहुतेक नाण्यांवर राजाच्या नावापुढे क्रमांक नाही, नुसते ‘याकोबुस’ आहे. त्यामुळे जुन्या विक्रीच्या चिठ्ठीवर तिसऱ्या जेम्सचे म्हणून नोंदलेले नाणे आज चौथ्या जेम्सचे मानले जात असेल, तर त्यात फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही. दरम्यान संशोधन पुढे गेलेले असते.

पाचव्या जेम्सचे डुकाट, ज्याला राजाच्या चपट्या टोपीमुळे बॉनेट पीस म्हणतात, हे काटेकोरपणे पाहता मध्ययुगीन नाही. पण मालिकेचा शेवट म्हणून अनेक जण ते आपल्या संग्रहात धरतात. त्यावर 1539 किंवा 1540 हे साल आहे आणि सालाची नोंद असलेले ते पहिले स्कॉटिश नाणे आहे. त्यासाठी स्कॉटलंडच्याच खाणींतले सोने वापरले गेले. लॅनार्कशायरमधील क्रॉफर्ड मूरच्या परिसरात तेव्हा सोने निघत असे, आणि त्याच सुमारास जॉन मॉसमन या सोनाराने राजमुकुटही नव्याने घडवला, जो आज एडिंबराच्या किल्ल्यात पाहायला मिळतो.

दुसरी पायरी: स्वतःची मर्यादा ठरवणे

या मालिकेतले चांगल्या अवस्थेतले कोणतेही नाणे काही हजार पौंडांच्या खाली मिळण्याची अपेक्षा ठेवू नये, आणि रायडर किंवा बॉनेट पीस त्याहून बरेच वर जातात. तेव्हा प्रत्येक राजाचे एक नाणे असावे की एकाच नाण्याचे निरनिराळे प्रकार जमवावेत, हे आधी ठरवून घ्यावे. अर्धी नाणी आकाराने लहान असल्यामुळे स्वस्त असतील, असा समज करून घेऊ नये. अर्धे युनिकॉर्न किंवा अर्धी डेमी पूर्ण नाण्यापेक्षा बरीच दुर्मीळ आहे आणि तिची किंमत त्याप्रमाणे असते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही किंवा एवढ्यात करायचा नाही, त्यांनी चांदीपासून सुरुवात करावी. तिसऱ्या अलेक्झांडरची 1280 नंतरची चांदीची पेनी आजही तुलनेने माफक किमतीत मिळते. तिच्यावर राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा, पुढ्यात राजदंड आणि मागे क्रुसाच्या कोनांमध्ये तारे आहेत. हातोड्याने पाडलेले नाणे कसे असते, कातरलेली किनार कशी दिसते, ठसा थोडा घसरला की काय होते, हे सगळे त्या पेनीवर शिकता येते आणि तिथे झालेल्या चुकीची किंमत सोन्याच्या मानाने नगण्य असते. सोन्याकडे वळण्यापूर्वी निदान एक-दोन वर्षे चांदीत काढावीत, असे मला मनापासून वाटते.

तिसरी पायरी: अस्सल नाणी पाहणे आणि वाचणे

छायाचित्रावरून डोळा तयार होत नाही. एडिंबरामधील स्कॉटलंडचे राष्ट्रीय संग्रहालय, ग्लासगो विद्यापीठाचे हंटेरियन संग्रहालय, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्डचे ॲशमोलियन या चार ठिकाणी स्कॉटिश नाण्यांचे मोठे संग्रह आहेत. हंटेरियनचा पाया विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाच्या खाजगी संग्रहाने घातला. तो 1783 साली वारला आणि त्याचा संग्रह विद्यापीठाकडे गेला. मांडून ठेवलेली नाणी थोडीच असतात, पण आधी पत्र लिहून, आपल्याला नेमके काय पाहायचे आहे हे स्पष्ट कळवून वेळ मागितल्यास अभ्यासकक्षात नाणी पाहण्याची व्यवस्था होऊ शकते. मागणी मोघम ठेवू नये. ‘चौथ्या जेम्सचे रोमन अक्षरांचे युनिकॉर्न पाहायचे आहेत’ अशी विनंती केली तर उत्तर लवकर येते.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींना ही सोय हाताशी आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना स्कॉटिश नाणी पाहायला मिळणे कठीण असले, तरी हातोड्याने पाडलेल्या सोन्याची जाण येण्यासाठी होन आणि मुघल मोहरा पाहिल्यास पुष्कळ उपयोग होतो, कारण ठसा आणि चकतीचे तंत्र मुळात तेच आहे. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था ही त्यासाठी चांगली ठिकाणे आहेत.

वाचनाच्या बाबतीत दोन संदर्भ टाळता येत नाहीत, कारण विक्रेते नाण्याचे वर्णन त्यांच्या क्रमांकांनीच करतात. पहिला संदर्भ स्पिंक या लंडनच्या जुन्या नाणेव्यापारी संस्थेच्या सूचीचा. वर्णनात ‘एस’ अक्षरापुढे जो आकडा असतो तो तिचा. दुसरा एडवर्ड बर्न्स यांच्या 1887 साली प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांचा; त्यात प्रत्येक ठशाचा बारीकसारीक फरक नोंदलेला आहे आणि सव्वाशे वर्षांनंतरही अभ्यासक त्याकडे वळतात. 1903 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात.

चौथी पायरी: तराजू आणि पाणी

नाण्याची पहिली परीक्षा वजनाची. शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, मिलिमीटरची मोजपट्टी आणि दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एवढे साहित्य पुरेसे आहे. ब्रिटिश विक्रेते वजन पुष्कळदा ग्रेनमध्ये देतात. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. युनिकॉर्न 59 ग्रेनच्या आसपास असावे, रायडर 78-79 ग्रेनच्या आणि डेमी 53-54 ग्रेनच्या. वजन ठरलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी असणे स्वाभाविक आहे, कारण ही नाणी झिजली आणि कातरली गेली. वजन प्रमाणापेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर मात्र ती धोक्याची खूण समजावी, कारण टांकसाळ ठरल्याहून जास्त सोने फुकट देत नसे.

दुसरी परीक्षा घनतेची. नाणे आधी हवेत तोलावे, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलावे, आणि हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागावे. समजा, युनिकॉर्न हवेत 3.80 ग्रॅम भरले आणि पाण्यात 3.58 ग्रॅम, तर फरक 0.22 आणि घनता 17.3 येते. 21 कॅरेट सोन्यात मिसळ तांब्याची आहे की चांदीची, यानुसार घनता 17 च्या थोडी अलीकडे-पलीकडे असते, म्हणजे हे उत्तर समाधानकारक आहे. मुलामा दिलेली चांदी साडेदहाच्या जवळ येते आणि मुलामा दिलेले तांबे नऊच्या जवळ, त्यामुळे असा माल लगेच उघडा पडतो. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवणे गरजेचे आहे. एवढ्या हलक्या नाण्यात मोजणीची चूक एक शंभरांश ग्रॅमची झाली, तरी उत्तर साडेसोळापासून अठरापर्यंत कुठेही सरकू शकते. म्हणून मोजणी अनेकदा करावी, नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढावेत आणि सरासरी धरावी. शिवाय या परीक्षेतून सोन्याचा कस कळतो, नाण्याचे वय कळत नाही. आधुनिक बनावटकार योग्य कसाचेच सोने वापरत असेल, तर काटा आणि पाणी त्याला पकडू शकत नाहीत.

आपल्याकडे सोने म्हटले की सराफाकडे नेण्याची सवय असते. संग्रहातले नाणे त्या हेतूने सराफाच्या हाती कधीही देऊ नये. कसोटीच्या दगडावर ओढलेली एक रेघ किंवा किनारीला लावलेली कानस नाण्याचे मूल्य कायमचे घटवते. कस तपासायचाच असेल, तर क्ष-किरणांच्या यंत्रावर, नाण्याला ओरखडा न काढता तपासून घ्यावा.

पाचवी पायरी: बनावट आणि डागडुजी ओळखणे

ओतीव बनावट नाण्याची किनार आधी पाहावी. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक रेघ किंवा ती लपवण्यासाठी घासल्याच्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोके असतात आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ वाटतात. हातोड्याने पाडलेल्या अस्सल नाण्यात धातू ठशाच्या आघाताने बाहेरच्या दिशेने सरकलेला असतो, आणि अक्षरांच्या पायथ्यापासून किनारीकडे जाणाऱ्या त्या प्रवाहाच्या बारीक रेषा भिंगातून दिसतात. ओतीव नाण्यात त्या नसतात किंवा पुसट असतात.

ठसा नव्याने कोरून पाडलेली बनावट नाणी अधिक कठीण. तिथे उपयोगी पडणारी सर्वांत भरवशाची युक्ती जुळ्यांचा शोध ही आहे. मध्ययुगीन चकत्या हाताने कापलेल्या असत, त्यामुळे एकाच ठशाच्या दोन अस्सल नाण्यांवर तीच चीर, तोच ओरखडा आणि मजकूर त्याच ठिकाणी किनारीबाहेर गेलेला असणे शक्य नाही. दोन छायाचित्रांत असे साम्य आढळले, तर निदान एक नाणे, आणि बहुधा दोन्ही, खोटी आहेत. लिलावांच्या जुन्या नोंदी पाहण्यात जो वेळ जातो तो इथे सार्थकी लागतो.

तिसरा प्रकार फसवणुकीच्या हेतूने तयार झालेला नाही, पण फसवतो. एकोणिसाव्या शतकात संग्रहालये दुर्मीळ नाण्यांच्या विद्युत्प्रक्रियेने बनवलेल्या प्रती अभ्यासासाठी तयार करून घेत. ब्रिटिश म्युझियमसाठी हे काम करणाऱ्या रॉबर्ट रेडी यांच्या प्रतींच्या किनारीवर काही वेळा त्यांच्या नावाची दोन आद्याक्षरे आढळतात. दोन पातळ कवच जोडून केलेल्या या प्रतींना किनारीवर जोड असतो आणि वजन जुळत नाही. त्या स्वतःही संग्रहणीय आहेत, मात्र प्रत म्हणूनच त्या घ्याव्यात.

डागडुजीचे प्रमाण बनावटीपेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे, आणि नवा संग्राहक इथे जास्त फसतो. सोने मऊ असल्यामुळे ही नाणी शतकानुशतके पदकासारखी गळ्यात घातली गेली. बुजवलेले भोक, किनारीवर डाखाचा वेगळ्या छटेचा ठिपका, एका बाजूचा उंचवटा दाबून सपाट झाल्याची खूण, वाकवून पुन्हा सरळ केलेल्या नाण्यावरची आडवी घडी, पार्श्वभूमीवर एकाच दिशेने गेलेल्या घासल्याच्या रेषा, या गोष्टी तिरप्या उजेडात नाणे हळूहळू फिरवत पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. दोष असलेले नाणे घेऊच नये असे नाही. दुर्मीळ प्रकारात तेच परवडणारे असते. दोष वर्णनात लिहिलेला असावा आणि किंमत त्या प्रमाणात उतरलेली असावी, एवढाच आग्रह धरावा.

सहावी पायरी: मालकीचा इतिहास आणि कायदा

दोन सारख्या नाण्यांतून निवड करायची असेल, तर ज्याचा मालकीचा इतिहास लांबचा आणि लिखित आहे ते घ्यावे, मग ते थोडे अधिक झिजलेले असले तरी चालेल. आर. सी. लॉकेट यांचा प्रचंड संग्रह 1955 ते 1961 या काळात लंडनच्या ग्लेंडिनिंग या संस्थेने टप्प्याटप्प्याने लिलावात काढला, आणि त्यातली स्कॉटिश नाणी आज ‘लॉकेटचे’ म्हणून ओळखली जातात. असे नाणे त्या सूचीतल्या छायाचित्राशी ताडून पाहता येते, आणि ते नाणे तेव्हाही होते याचा पुरावा मिळतो. नाण्यासोबत आलेली जुन्या संग्राहकाच्या हस्ताक्षरातली गोल चिठ्ठी म्हणूनच कधीही फेकू नये.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबत स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आणि कडक आहे, आणि तो प्रत्येक संग्राहकाला ठाऊक असायला हवा. स्कॉटलंडच्या भूमीत सापडलेली बेवारस जुनी वस्तू राजसत्तेची मानली जाते. सोन्याचे एकटे नाणे सापडले तरी ते एडिंबरामधील ट्रेझर ट्रोव्ह कार्यालयाकडे कळवावे लागते. एखाद्या संग्रहालयाने ते ठेवून घेतले तर सापडवणाऱ्याला बक्षीस दिले जाते, आणि कोणालाच नको असेल तर ते प्रमाणपत्रासह परत मिळते. इंग्लंडमध्ये 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची निदान दोन नाणी एकत्र सापडली तर ती कळवावी लागतात. एकटे नाणे सर्वसाधारणपणे त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून ‘नुकतेच शेतात सापडले’ असे सांगून कोणी स्कॉटिश सुवर्णनाणे विकायला आणले, तर ते कुठे सापडले आणि त्याची नोंद कुठे आहे, हे दोन प्रश्न लगेच विचारावेत. कागद नसेल तर नाणे कितीही सुंदर असो, घेऊ नये. नोंद न झालेल्या नाण्याबरोबर त्याच्या सापडण्याच्या जागेची माहितीही कायमची हरवते, आणि या नाण्यांचा चलनातला प्रवास समजण्याचे ते फार मोलाचे साधन आहे.

सातवी पायरी: प्रत्यक्ष खरेदी

पहिले नाणे प्रस्थापित विक्रेत्याकडून घ्यावे. ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनचे सदस्य असलेल्या व्यापाऱ्यांना संघटनेची आचारसंहिता पाळावी लागते. नाणे खोटे निघाल्यास पैसे परत मिळतील, असे पावतीवर लिहून घ्यावे, आणि पावतीवर राजा, नाण्याचा प्रकार, सूचीक्रमांक, वजन आणि आधीचा मालक या पाचही गोष्टी असाव्यात. सीलबंद डबीतल्या प्रमाणित नाण्यांचा बाजार वाढतो आहे. सत्यतेची हमी म्हणून त्याचा उपयोग आहे. परंतु नाण्याच्या अवस्थेसाठी डबीवर दिलेल्या अंकाला भुलून जास्त किंमत मोजू नये. हातोड्याने पाडलेल्या नाण्याचे सौंदर्य चकतीची गोलाई, ठशाचा मध्य आणि मजकुराची पूर्णता यांवर अवलंबून असते, आणि ते एका अंकात मावत नाही.

लिलावात उतरताना बोलीचा आकडा म्हणजे अंतिम किंमत नव्हे, हे ध्यानात ठेवावे. उदाहरणार्थ, 3,000 पौंडांना हातोडा पडला आणि खरेदीदाराचे शुल्क 24 टक्के असेल, तर 720 पौंड वर द्यावे लागतात, त्या शुल्कावर 20 टक्के कर धरला तर आणखी 144 पौंड, म्हणजे एकूण 3,864 पौंड होतात. आधी ही बेरीज मागून पुढे करावी: खिशात जेवढे आहेत त्यावरून कमाल बोली काढावी, कागदावर लिहावी आणि त्यापलीकडे जाऊ नये. लिलावापूर्वी नाणे प्रत्यक्ष पाहण्याचा दिवस असतो. जाणे शक्य नसेल तर किनारीची छायाचित्रे आणि दोषांचा लेखी अहवाल मागवावा. चांगली संस्था तो विनातक्रार पाठवते.

नाणे ब्रिटनबाहेर नेण्यासाठी निर्यात परवाना लागतो का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे, कारण ब्रिटनच्या जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठीचे नियम इतरांपेक्षा कडक आहेत. भारतात आणायचे असल्यास सोन्याच्या आयातीवरील निर्बंध आणि सीमाशुल्क वेळोवेळी बदलत असल्याने, बोली लावण्यापूर्वीच सीमाशुल्क सल्लागाराशी बोलून घ्यावे. आणखी एक मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही: आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी नाणी येतात, आणि पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. एकदा भारतात आलेले नाणे पुढे लंडनच्या लिलावात पाठवून विकू, असा बेत त्यामुळे अडचणीत येऊ शकतो. परदेशात वास्तव्य असलेल्यांनी नाणी तिथल्याच बँकेच्या तिजोरीत ठेवणे अधिक सोयीचे.

आठवी पायरी: जपणूक आणि नोंद

सोने गंजत नाही, परंतु ओरखडे लगेच पडतात. नाणे नेहमी किनारीने धरावे, खाली मऊ कापड असावे, आणि ते पॉलिश, साबण किंवा ब्रशने कधीही साफ करू नये. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांऐवजी महोगनीचे खणांचे कपाट किंवा घट्ट, रसायनविरहित गोल डब्या वापराव्यात. विमा उतरवावा, आणि संग्रह घरी आहे हे समाजमाध्यमांवर कळू देऊ नये.

प्रत्येक नाण्याची एक नोंद ठेवावी: दोन्ही बाजूंची आणि किनारीची छायाचित्रे, वजन, व्यास, दोन्ही बाजू एकमेकींशी कोणत्या कोनात आहेत ते, जसा दिसतो तसा अक्षरशः उतरवलेला मजकूर, आधीचे मालक, खरेदीची तारीख व किंमत आणि मूळ पावती. मजकूर स्वतःच्या हाताने उतरवण्याचा कंटाळा करू नये. सूचीत न आलेले विरामचिन्ह किंवा उलटे पडलेले अक्षर याच वेळी सापडते, आणि तसे काही सापडल्यास संग्रहालयाच्या नाणेविभागाला छायाचित्रासह कळवावे. या नोंदीची एक प्रत घरातल्या जबाबदार माणसाकडे, विक्रीच्या वेळी कोणत्या प्रकारच्या विक्रेत्याकडे जावे या सूचनेसह द्यावी, म्हणजे संग्राहकाच्या पश्चात नाणी वितळवण्याच्या भावाने विकली जाणार नाहीत.